मोशीच्या कृषी प्रदर्शनाला जाताय? आधी लॉजचं नीट करा

डिसेंबर लागला की विदर्भातल्या दारव्हा, दिग्रस, मंगरूळपीर या भागातून माणसं गटागटानं पुण्याजवळच्या मोशीचं ‘किसान’ प्रदर्शन पाहायला निघतात. परत आल्यावर यंत्रांपेक्षा लॉजच्याच गोष्टी जास्त. कोणाला पहाटे पाचपासून दुपारी बारापर्यंत पायरीवर बसवलं, कोणाच्या दोन खोल्यांत अकरा जण झोपले, कोणी स्वस्त म्हणून पुणे स्टेशनाजवळ खोली घेतली आणि रोजचे चार तास जाण्यायेण्यात घातले.

मी स्वतः गटाबरोबर जातो आणि यातल्या बहुतेक चुका करून बसलोय. आपल्याकडचा माणूस लॉजवाल्याला पहिला प्रश्न विचारतो, “भाडं काय?” भाडं हा चौथा प्रश्न आहे. त्याआधी तीन उत्तरं आपल्याच खिशात हवीत: माणसं किती, उतरणार किती वाजता आणि मैदानापासून कुठल्या बाजूला राहायचं. खालचा क्रम त्याच हिशेबानं लावलाय. तो मोडला की पैसे जातात.

## १. माणसं आणि दिवस पक्के करा

प्रदर्शन पाच दिवस चालतं. शनिवार-रविवारी अर्धा पश्चिम महाराष्ट्र तिथं लोटतो, त्यामुळे खोल्याही त्याच दोन रात्री मिळत नाहीत. आपल्याला नोकरीची सुट्टी पाहायची नसते, मग मधल्या वारी जा. मैदान मोठं आहे. एका दिवसात नुसतं फिरणं होतं, बोलणं होत नाही. दोन दिवस आणि एक रात्र किंवा फार तर दोन रात्री धरा.

तारीख ठरवताना घरचं आधी बघा. हरभऱ्याच्या ओलिताची पाळी कोणत्या रात्री आहे, कापूस वेचणीच्या बायांचे पैसे कोण देणार, तुरीवर अळी दिसली तर फवारणी कोण करणार, हे ज्याचं ठरलेलं नसतं तो आदल्या दिवशी फोन करतो, “भाऊ, माह्यं जमत नाही.” आणि त्याच्या वाट्याचं भाडं उरलेल्यांवर बसतं.

म्हणून ‘येतो’ म्हणणारे मोजू नका, पैसे देणारे मोजा. प्रत्येकाकडून जाण्याचं तिकीट आणि एका रात्रीचा वाटा एवढी रक्कम आधीच जमा करा. एका वर्षी चौकात अकरा जणांनी हात वर केले होते, ट्रॅव्हल्समध्ये चढले सात. खोल्या चार घेतलेल्या होत्या.

गटात बाया असतील तर त्यांची खोली वेगळी आणि शक्यतो त्याच मजल्यावर. हे बुकिंग करतानाच सांगायचं, काउंटरवर गेल्यावर नाही.

> थांबा, एक तपासणी: फक्त बियाणं, फवारणी पंप आणि ठिबकचे भाव पाहायचे असतील तर मोशीच गाठायला हवं असं नाही. नागपूरला दाभ्याच्या मैदानावर ‘अ‍ॅग्रोव्हिजन’ भरतं, अकोल्याला कृषी विद्यापीठाचं प्रदर्शन डॉ. पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या, म्हणजे २७ डिसेंबरच्या सुमारास असतं. वाशीम-यवतमाळहून तिथं सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं. लॉजचा प्रश्नच मिटला.

## २. आधी गाडी, मग खोली

लोक उलटं करतात. खोली आधी घेतात आणि तिकीट मिळेल तसं घेतात. मग खोली सुरू होते दुपारी बाराला आणि आपण पोहोचतो पहाटे.

रेल्वे. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीचे चार महिने आता विसरा. धामणगाव, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला यांपैकी जवळचं स्टेशन धरा, पण तुमची गाडी तिथं थांबते का ते पाहूनच. अजनी-पुणे वंदे भारत वर्धा, बडनेरा, अकोला, शेगावला थांबते. ती सकाळी निघते आणि रात्री पुण्यात पोहोचवते. म्हणजे तिनं गेलात तर त्याच रात्रीची खोली लागणारच, शिवाय रात्री उशिरा काउंटर उघडं असणाराच लॉज हवा.

ट्रॅव्हल्स. आपल्या भागातल्या गाड्या संध्याकाळी निघून संभाजीनगर, अहिल्यानगरवरून सकाळी वाघोलीकडून पुण्यात शिरतात. बुकिंग करताना गाडी कुठपर्यंत जाते ते विचारा. काही चिंचवड-निगडीपर्यंत जातात, काही आधीच थांबतात. झोपेत भलत्या चौकात उतरलात तर चौघांच्या रिक्षात एका रात्रीच्या भाड्याचा निम्मा तुकडा जातो.

स्वतःची गाडी. बोलेरो किंवा क्रूझर करून जाणाऱ्यांनी पुण्यात घुसायची गरज नाही. नगर रस्त्यावर शिक्रापूरला उजवीकडे वळा, चाकण गाठा, तिथून पुणे-नाशिक महामार्गानं मोशी. कंपन्यांचे कंटेनर या रस्त्यावर फार, म्हणून सकाळची आणि संध्याकाळची शिफ्टची वेळ टाळा. ड्रायव्हर रात्रभर जागलेला असतो, त्याच्या झोपेची जागाही माणसांत मोजा. तो गाडीत झोपेल असं गृहीत धरणाऱ्यांबरोबर मी परतीच्या प्रवासाला बसत नाही.

> पुढं जाण्याआधी कागदावर लिहा: उतरण्याची जागा, उतरण्याची वेळ आणि त्यात मिळवलेला दीड तास. हा तुमचा लॉजवर पोहोचायचा वेळ. तो लिहिल्याशिवाय कोणालाही फोन लावू नका.

## ३. कुठल्या बाजूला राहायचं

पहिली गोष्ट हसण्यासारखी आहे, पण खरी आहे. आपल्या जिभेला मोर्शीची सवय. फोनला बोलून शोधलं की तोही अमरावती जिल्ह्यातलं मोर्शी दाखवतो. आमच्यातल्या एकानं ‘मैदानाजवळचा लॉज’ म्हणून नंबर काढला आणि पलीकडून आवाज आला, “दादा, आपल्याकडं संत्र्याचा बाजार आहे, प्रदर्शन नाही.” शोधताना ‘मोशी, पिंपरी-चिंचवड’ असं पूर्ण लिहा.

आता पर्याय.

मोशी आणि भोसरी. सगळ्यात सोयीचं. खोल्या साध्या आणि प्रदर्शनाच्या दिवसांत लवकर संपणाऱ्या. भोसरीत कंपन्यांच्या कामाला आलेली माणसंही उतरतात, त्यामुळे इथले लॉज एरवीही रिकामे नसतात. महिनाभर आधी फोन करा.

आळंदी. आपल्या लोकांना हे पटकन सुचत नाही, याचं मला नवल वाटतं. देहू-आळंदी रस्ता मोशीवरूनच जातो. आळंदीत धर्मशाळा, भक्तनिवास आणि साधे लॉज भरपूर, जेवण साधं आणि पोटभर. संध्याकाळी माउलींचं दर्शनही होतं. पण पंचांग पाहिल्याशिवाय आळंदीचं नाव काढू नका. कार्तिक वद्य एकादशी ते त्रयोदशी तिथं संजीवन समाधी सोहळा असतो. ज्या वर्षी अधिक महिना येतो त्या वर्षी हा सोहळा सरकून डिसेंबरात, प्रदर्शनाच्या तोंडावर येतो. त्या दिवसांत खोली सोडा, ओसरीवर पाठ टेकायला जागा मिळत नाही. धर्मशाळांचे नियमही वेगळे. काही एकट्या माणसाला खोली देत नाहीत, काही रात्री दार लावतात. आणि गटात कोणाला संध्याकाळी ‘बसायचं’ असेल तर त्याला आळंदीला नेऊच नका.

पिंपरी-चिंचवड, मेट्रोच्या बाजूनं. मोशीत काहीच मिळालं नाही तर हे. पुणे स्टेशनाहून मेट्रो धरून जिल्हा न्यायालय स्थानकावर बदलायची, पिंपरीकडच्या गाडीनं नाशिक फाट्याला उतरायचं, पुढं बस किंवा रिक्षा. नाशिक फाट्याच्या स्थानकाला भोसरी म्हणूनही ओळखतात. तिथं उतरून भोसरी गाव शोधत पायी निघू नका, ते बरंच पुढं आहे.

पुणे स्टेशन. परतीची गाडी पहाटेची असेल तर शेवटच्या रात्रीपुरतं ठीक. बाकी नको.

अंतर मोजताना मैदानाच्या नावापासून मोजू नका, प्रवेशाच्या गेटपासून मोजा. नकाशात पायी चालण्याचं चिन्ह दाबा. ‘एक किलोमीटर’ म्हणणाऱ्या लॉजचा रस्ता महामार्ग ओलांडून जात असेल तर संध्याकाळी, अंधारात, कंटेनरच्या रांगेतून म्हाताऱ्या माणसाला घेऊन ते किलोमीटर तीनसारखं वाटतं.

## ४. फोनवर काय विचारायचं, आणि कशा क्रमानं

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून इथं जरा थांबतो.

पहिला प्रश्न: चेक-आउट चोवीस तासांचं की बाराचं? चोवीस तासांचं म्हणजे सकाळी सातला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत तुमची. बाराचं म्हणजे तुम्ही कधीही या, दिवस दुपारी बाराला बदलतो. सकाळी सातला पोहोचून बाराच्या लॉजमध्ये शिरलात तर एका रात्रीच्या झोपेसाठी दोन दिवसांचं भाडं लागू शकतं. ट्रॅव्हल्सनं सकाळी पोहोचणाऱ्यांनी चोवीस तासवालाच शोधावा. तो नसेल तर सरळ विचारा, “सकाळी फक्त आंघोळीला एक खोली द्याल का, बाकीच्या बारानंतर?” बरेच जण थोडे पैसे घेऊन देतात. सगळ्यांनी सगळ्या खोल्या सकाळीच घ्यायची गरज नसते.

दुसरा: एका खोलीत किती जण, आणि जादा गादीचे किती? ‘तीन जण चालतील’ याचा अर्थ तीन पलंग नव्हे. डबल बेडवर दोघं, तिसऱ्याला खाली गादी. त्या गादीचे पैसे वेगळे आणि चादर-ब्लँकेट मिळेलच असं नाही. डिसेंबरात मोशीची पहाट गारठ्याची असते, फरशी बर्फासारखी होते.

तिसरा: गरम पाणी कधी? ‘आहे’ हे उत्तर घेऊ नका. सोलरचं असेल तर सकाळी पहिल्या चार खोल्यांत ते संपतं. गीझर खोलीत आहे का आणि त्याचा वीजपुरवठा ठरावीक वेळीच सुरू करतात का, ते विचारा.

चौथा, आता भाडं. विचारताना ‘नॉन एसी’ म्हणा. थंडीत एसी लागत नाही. काही लॉजमध्ये खोली तीच असते, रिमोट देत नाहीत एवढाच फरक, आणि भाडं कमी. मग, “कर धरून किती?” हे विचाराच. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. १,५०० ची खोली असेल तर ७५ रुपये वर. कोणी १२ टक्के सांगत असेल तर तो जुना दर आहे. आणि लॉजची जीएसटी नोंदणीच नसेल तर त्याला कर लावताच येत नाही.

त्यानंतरच्या बारीक गोष्टी: लिफ्ट आहे का, संडास बैठ्या पद्धतीचा आहे का (गुडघे दुखणाऱ्याला कमोड हवा, काहींना कमोड जमत नाही), क्रूझर उभी करायला जागा आहे का, रात्री दार किती वाजता लावता.

भाव ठरला की तोंडी सोडू नका. माझी एकदाची गोष्ट. फोनवर “या ना दादा, खोली तुमचीच” असं दोनदा ऐकून आम्ही निघालो. आठ जण सकाळी पोहोचलो तर काउंटरवरचा पोरगा नवा, वहीत आमचं नावच नाही, आणि ज्याच्याशी बोललो होतो तो गावी गेलेला. भांडून उपयोग नव्हता, दाखवायला काहीच नव्हतं. तेव्हापासून मी फोन ठेवल्या ठेवल्या व्हॉट्सअ‍ॅपवर असा मजकूर पाठवतो:

*“नमस्कार. आत्ता बोलल्याप्रमाणे बुधवार (तारीख) सकाळी ७ पासून गुरुवार (तारीख) रात्रीपर्यंत नॉन एसी २ खोल्या, प्रत्येकी ३ माणसं, जादा गादीसह. भाडं कर धरून एका खोलीचे दिवसाला १,५०० रुपये, चोवीस तास चेक-आउट. आगाऊ रक्कम एका खोलीची एका रात्रीची. बरोबर असल्यास ‘होय’ लिहा.”*

‘होय’ आल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही. तारीख आणि वार दोन्ही लिहा. ‘बुधवारी रात्री’ आणि ‘बुधवारची रात्र संपून पहाटे’ यात लॉजवाले आणि आपण नेहमी घोळ घालतो.

> सावधान, पैसे पाठवताना:
> नकाशावर लॉजच्या नावाखाली भामट्यांनी स्वतःचा नंबर टाकलेला असू शकतो. लॉजच्या पाटीचा आणि काउंटरचा ताजा फोटो मागा.
> पैसे पाठवताना पडद्यावर नाव कोणाचं येतं ते वाचा. लॉजचा किंवा त्याच्या मालकाचा काही संबंध दिसत नसेल तर थांबा.
> ‘आगाऊ परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कोणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. फसलात तर लगेच १९३० वर कळवा.
> पूर्ण रक्कम आधी कधीच देऊ नका.

अ‍ॅपवरून बुकिंग केलं असेल तरी लॉजवर थेट फोन करून नाव वहीत चढलंय का ते विचारा. ‘पैसे हॉटेलवर द्या’ असल्या बुकिंगला गर्दीच्या दिवशी काउंटरवर किंमत नसते. जास्त देणारा समोर उभा राहिला की “तुमचं बुकिंग आलंच नाही” असं उत्तर तयार असतं.

निघायच्या आदल्या दिवशी आणखी एक फोन. तेवढाच.

## ५. पिशवीत काय

प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र. एकाच्या आधारवर आठ जण राहत नाहीत. मोबाइलमधला फोटो काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही. झेरॉक्स द्यायची तर मास्क केलेल्या आधारची द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. त्यावर पेनानं तारीख आणि ‘फक्त लॉजसाठी’ असं लिहा. मतदान कार्ड किंवा लायसन्स नेलं तर आधार बाहेर काढायचीही गरज पडत नाही. पॅन कार्डावर पत्ता नसतो, ते बहुतेक घेत नाहीत.

बाकी: स्वतःची चादर, पातळ दुलई, छोटं कुलूप, चार्जरसाठी एक्स्टेन्शन बोर्ड (खोलीत पॉइंट एकच असतो आणि फोन तीन), माहितीपत्रकांसाठी रिकामी कापडी थैली. खाण्यात ठेसा, चटणी, भाजलेल्या भुईमुगाच्या फल्ल्या. प्रदर्शनाची नोंदणी मोबाइलवर घरूनच करून ठेवा, गेटवर रेंजसाठी हात वर करून फिरावं लागत नाही.

## ६. काउंटरवर: आधी खोली, मग सही

वहीत नाव लिहून पैसे दिले की तुमची बाजू संपली. म्हणून दोघांनी काउंटरवर थांबायचं आणि एकानं किल्ली घेऊन वर जायचं. पाच मिनिटं लागतात.

आत गेल्यावर पिशवी पलंगावर टाकू नका. गादीचा कोपरा उचला आणि मोबाइलच्या उजेडात शिवण पाहा. शिवणीत मिरी सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले तर समजा ढेकूण आहेत. पलंगाच्या डोक्याकडची फळी आणि भिंत यांच्यातली फटही बघा. ठिपके दिसले तर दुसरी खोली मागा, तीही शेजारची नको, ढेकूण भिंतीतून जातात. औषध मारून देतो म्हणाले तर नाही म्हणा. बंद खोलीत फवारून त्यातच झोपणं काय असतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग नळ सोडा, संडासात पाणी ओता, गीझरचा दिवा लागतो का बघा. आतली कडी नीट बसते का, खिडकीची काच आहे का. बस.

> तपासणी: खोली पसंत पडली की भाडं पुन्हा एकदा मोठ्यानं बोलून घ्या आणि व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर दाखवा. अनामत घेतली तर तिची पावती वेगळी.

## ७. दोन दिवस राहताना

आंघोळीचा क्रम रात्रीच ठरवा. सहा जणांत एक गीझर असेल तर शेवटचा माणूस दहाला तयार होतो आणि सगळेच अडकतात. पाणी लवकर तापावं म्हणून घरून आणलेला रॉड बादलीत टाकू नका. तिथली वायरिंग तेवढी पेलत नाही. आमच्या मजल्यावर एकानं हे केलं आणि सकाळी सहाला सगळा मजला अंधारात.

खोलीला स्वतःचं कुलूप लावायचं असेल तर काउंटरला सांगून लावा. पैसे खोलीत ठेवू नका, सोयाबीनचे आलेले तर मुळीच नाही.

संध्याकाळी प्रदर्शन बंद होताना हजारो माणसं एकदम बाहेर येतात. रिक्षावाले तेव्हा मागतील तो भाव. अर्धा तास आधी निघा किंवा तासभर चहा पीत बसा. हुकलेल्यांसाठी भेटायची खूण सकाळीच ठरवा: “गेट” म्हणू नका, गेटं बरीच असतात. अमुक पाटीखाली, असं सांगा.

खरेदीचं म्हणाल तर बियाणं-हत्यारं शेवटच्या दिवशी घ्या. बॅटरी पंपासारखी जड वस्तू असेल तर ‘आमच्या तालुक्यात विक्रेता कोण’ हे कंपनीवाल्याला विचारा, बरेचदा तीच वस्तू घराजवळ मिळते आणि दुरुस्तीही तिथंच होते. कीटकनाशकाची बाटली खोलीत रात्रभर ठेवू नका.

## ८. निघताना

चेक-आउटची वेळ होऊन गाडी रात्रीची असेल तर खोली सोडा आणि सामान काउंटरमागे ठेवू देता का विचारा. बहुतेक ठेवतात. मोजून ठेवा, फोटो काढा, पैसे आणि कागद त्यात नकोत.

बिल पक्कं घ्या. कृषी विभागाच्या ‘आत्मा’ योजनेच्या अभ्यास दौऱ्यातून किंवा शेतकरी गटाच्या खात्यातून खर्च होणार असेल तर बिल गटाच्या नावानं हवं, त्यावर तारीख, खोल्या आणि दिवस हवेत. गावी येऊन फोनवर मागितलेलं बिल येत नाही. मी दोन महिने मागत होतो, शेवटी पैसे खिशातून भरले.

अनामत हातात पडल्यावरच किल्ली द्या. पलंगाखाली आणि दारामागच्या खुंटीवर एकदा नजर टाका. टॉवेल आणि चार्जर तिथंच राहतात.

घरी आल्यावर पिशवी सरळ घरात नेऊ नका. अंगणात पूर्ण उलटी करा, कपडे गरम पाण्यात टाका आणि पिशवी दिवसभर उन्हात ठेवा. ढेकूण पाहुणा म्हणून आला की तो परत जात नाही.